आवाजाची फिर्याद

नगरच्या सावेडीत पाइपलाइन रोडवरून आत वळल्यावर लागणाऱ्या आमच्या घरात ज्या कोनाड्यात एके काळी रेडिओ असे, त्या कोनाड्यात आता संगणक आहे, आणि त्याच्या बगलेला, दोन आगपेट्या एकीवर एक ठेवल्या तर जेवढा व्हावा तेवढा, एक काळा डबा. संगणकाकडून आलेले आकडे घ्यावेत आणि त्यांचा आवाज करावा, एवढेच त्याचे काम. जाणकार त्याला ‘डॅक’ म्हणतात, मी त्याला परिवर्तक म्हणतो. गेल्या चैत्रात या परिवर्तकाविरुद्ध आमच्या घरात तीन तक्रारी दाखल झाल्या: त्याच्यातून मधूनच आवाज येईनासा होतो, आला तर टकटकतो, आणि टकटकला नाही तर घुमतो. या तिन्हींचा तपास पुरा होईपर्यंत माझा सारा उन्हाळा गेला, आणि ज्याला आम्ही पहिल्याच दिवशी आरोपी म्हणून धरले होते, तो डबा तिन्ही खटल्यांत निर्दोष निघाला.

तपासाची हकीकत सांगण्यापूर्वी त्या डब्यात काय घडते ते थोडे सांगितले पाहिजे. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन, आणि त्या कंपनाची उंची ठरावीक अंतराने मोजून आकड्यांत टिपून ठेवली तर त्या आकड्यांवरून मूळचा ध्वनी पुन्हा उभा करता येईल, ही कल्पना १९३७ साली अलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्यास पॅरिस येथे टेलिफोनच्या कामावर असताना सुचली. परंतु सीडीच्या रूपाने ती बाजारात अवतरली ती १९८२ साली. सीडीसाठी दर सेकंदास ४४,१०० मोजमापे घेतात. हा आकडा इतका चमत्कारिक का, असे कोणासही वाटेल. त्याचे कारण असे, की त्या काळी एवढे आकडे साठविण्याचे सोयीचे साधन म्हणजे चित्रफितीचे यंत्र. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मोजमापे बसविली, तर एका पद्धतीत २४५ ओळी आणि ६० चित्रे, दुसरीत २९४ ओळी आणि ५० चित्रे, असा कसाही गुणाकार केला तरी उत्तर ४४,१०० हेच येते. चित्रफितीची ती यंत्रे मोडीत निघाली, त्यांचा आकडा मात्र वतनासारखा पुढे चालत राहिला. चित्रपट आणि दूरदर्शन यांच्या कारभारात ४८,००० हा दुसरा आकडा रूढ झाला, आणि या दोन आकड्यांच्या भाऊबंदकीतून पुढे काय उद्भवते ते यथाक्रम येईलच.

परिवर्तकाच्या एका अंगास आकड्यांचे राज्य आहे आणि दुसऱ्या अंगास विजेचे, आणि या दोन राज्यांतील गुन्ह्यांची तऱ्हा अगदी भिन्न आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे अर्धा तपास कानानेच होतो. आकडे बिघडतात ते तुटून. वीज बिघडते ती मळून. आकड्यांच्या बाजूस दोष असेल तर आवाज लख्ख चालू असताना एकाएकी टक् होईल, खंड पडेल, किंवा सारेच शांत होईल. विजेच्या बाजूस दोष असेल तर आवाज चालूच राहील, पण त्याच्या खाली काहीतरी घुमत, सुसावत, कुरकुरत राहील. यू.एस.बी.ची महाग केबल घेतल्याने तंबोरा अधिक गोड लागतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्याशी मी वाद घालीत नाही. पण त्या केबलीतून जाणारे आकडे एक तर पोचतात किंवा पोचत नाहीत, ते वाटेत गोड वा कडू होत नाहीत, एवढे मी माझ्यापुरते धरून चालतो.

पहिली तक्रार, म्हणजे आवाजच न येण्याची, लवकर निकालात निघाली. पडद्याची नवी केबल जोडल्या दिवसापासून संगणकाने, कोणास न विचारता, सगळा आवाज त्या पडद्याकडे वळविला होता, आणि पडद्याला तर स्पीकरच नव्हते. ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन परिवर्तकाचे नाव निवडताच गाणे सुरू झाले. दोन दिवसांनी पुन्हा आवाज गेला. या खेपेस डब्यावरील दिवा लागलेला होता, पण संगणकाच्या यादीत त्याचे नावच नव्हते. शेजारच्या मुलाने केबल हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, ‘‘काका, ही मोबाइल चार्ज करायची वायर आहे.’’ स्वस्त चार्जिंगच्या कित्येक वायरींत विजेच्या दोन तारा तेवढ्या असतात, माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. त्यामुळे दिवा लागतो, पण बोलणे होत नाही. घर आवरताना कोणीतरी केबलींची अदलाबदल केली होती. कोणी, याची चौकशी मी तहकूब ठेवली.

त्या मुलानेच मला तपासाचा एक नियम शिकविला, की एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि बदलली की ऐकायचे. मी तोपर्यंत केबल बदली, खाच बदली, संगणक बंद करून चालू करी, आणि हे सर्व एकदम करून दोष गेला की कशाने गेला याचा पत्ता नसल्यामुळे तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी. त्याने परिवर्तक सरळ आपल्या मोबाइलला जोडला. तेथे तो तासभर बिनतक्रार वाजला. डब्याच्या निर्दोषत्वाचा हा पहिला साक्षीदार. जुन्या विंडोजवाल्यांनी मात्र येथे एक गोष्ट पाहावी: यू.एस.बी. ध्वनीच्या दुसऱ्या आवृत्तीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये अंगचा असा आला तो २०१७ साली, आणि त्यापूर्वीच्या संगणकांस परिवर्तकाच्या कंपनीचा ड्रायव्हर निराळा घालावा लागतो.

दुसरी तक्रार टकटकीची, आणि तिच्यात मी खरोखर रमलो. संगणकातून छायाचित्र दुसरीकडे पाठविताना एखादा आकडा वाटेत हरवला, तर तो पुन्हा मागविता येतो. तो व्यवहार पोचपावतीच्या टपालासारखा आहे. गाण्याचा तसा नाही. गाण्याचे आकडे यू.एस.बी.वरून एस.टी.च्या गाडीसारखे वेळापत्रकाने सुटतात (राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती आमच्याच नगर-पुणे रस्त्यावर, ही गोष्ट कोणताही नगरकर प्रसंग असो वा नसो सांगतोच) आणि जो उतारू चुकला तो चुकला, त्याच्यासाठी गाडी परत येत नाही. साध्या वेगाच्या यू.एस.बी.वर ही गाडी दर सेकंदाच्या हजाराव्या भागास सुटते. तिच्यात ४४ मोजमापे बसतात, आणि ४४,१०० चा हिशेब जुळावा म्हणून दर दहाव्या गाडीत ४५. पंचांगात अधिक मास घालावा तसलाच हा प्रकार.

आता घड्याळे दोन आहेत, एक संगणकाचे आणि एक परिवर्तकाचे, आणि स्फटिकावर चालणारी कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत पन्नासाचा फरक असला तरी दर सेकंदास दोनेक मोजमापे इकडची तिकडे होतात. म्हणून परिवर्तकात एक टाकी असते. नगरला मुळा धरणाचे पाणी येते, पण ते अष्टौप्रहर येत नाही, येते तेव्हा खालच्या हौदात आणि तेथून गच्चीवरच्या टाकीत चढते, आणि स्वयंपाकघरातला नळ मात्र सर्वकाळ सारखा वाहतो. त्या टाकीची जागा येथे बफरला आहे. टाकी रिकामी पडली की टक्, भरून वाहिली तरी टक्. ‘असिंक्रोनस’ म्हणविणाऱ्या चांगल्या परिवर्तकांत मुखत्यारी परिवर्तकाच्या घड्याळाकडे असते, ‘आता थोडे जास्त पाठव, आता थोडे कमी’ असे तोच संगणकास कळवितो, आणि घड्याळांचा तंटा तेथेच मिटतो.

माझा परिवर्तक या जातीचा असूनही टकटकत होता, तेव्हा टाकी भरणाराच कामचुकार असला पाहिजे हे उघड झाले. संगणक एका वेळी शंभर कामे करतो, आणि वाय-फायचा ड्रायव्हर किंवा विषाणूशोधक यांपैकी एखाद्याने त्यास काही सहस्रांश सेकंद अडवून धरले, की पंप बंद पडल्यासारखी टाकी कोरडी होते. मी वाय-फाय बंद केले; टकटक निम्म्यावर आली. गाण्याच्या प्रोग्रॅममध्ये बफर वाढविला; आणखी उतरली. मग परिवर्तक ज्या हबमध्ये प्रिंटर आणि कळफलक यांच्या दाटीत खोचलेला होता तेथून काढून संगणकाच्या पाठीमागच्या खाचेत, थेट मदरबोर्डावर लावला, आणि विजेची बचत म्हणून न वापरलेली यू.एस.बी. खाच झोपवून टाकण्याची जी सवलत विंडोज आपणहून देते ती काढून घेतली. टकटक थांबली. त्याबरोबर आणखी एक किरकोळ दुखणे आपोआप बरे झाले: प्रत्येक गाण्याचा आरंभीचा ‘आ’ अर्धा कापला जाई, कारण दोन गाण्यांच्या मध्ये डुलकी लागलेल्या परिवर्तकास जागे व्हायला तेवढा अवधी लागत होता.

मध्येच एका बैठकीचे ध्वनिमुद्रण असे वाजले, की गवयाचा काळी एकचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कोठेतरी लागला, आणि तबलाही घाईत. हाच तो दोन आकड्यांचा भाऊबंदकीचा मामला. ४४,१०० ने मोजलेले कोणी ४८,००० ने वाजविले, तर लय शेकडा नऊने वाढते आणि स्वर पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीने चढतो. परिवर्तकाने दिलेला आकडा इमानाने पाळला होता. कॅसेटवरून संगणकात उतरवून घेणाऱ्याने फाइलीवर शिक्काच चुकीचा मारला होता.

तिसरी तक्रार घुमण्याची. ती विजेच्या राज्यातली, आणि तिचा उगम सापडला तो अंगणात. आवाज खोल, एकसुरी. आपल्याकडील विजेच्या ५० आवर्तनांचा आणि त्यांच्या दुपटीचा तो स्वर. माऊस हलविला तर हा आवाज बदलत नसे, ही महत्त्वाची खूण. माऊसबरोबर चिरकणारा बारीक आवाज असता तर तो संगणकाच्या पोटातला, केबलीच्या ऋण तारेतून परिवर्तकात शिरलेला, असे ठरले असते, आणि मग प्रकाशतंतूची केबल वापरणे हा चांगला इलाज, कारण प्रकाशातून आकडे जातात, वीज जात नाही. येथे तसे नव्हते. एके दिवशी अनवाणी उभा राहून मी संगणकाच्या पत्र्याला हात लावला, तो बोटांना मुंग्या आल्या.

संगणकाच्या पुरवठ्यात विजेचा कचरा गाळण्यासाठी दोन्ही तारांपासून पत्र्यापर्यंत लहान धारित्रे जोडलेली असतात. त्यांतून झिरपणारी अल्पशी वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी अशी योजना असते. जमिनीची वाट बंद असेल तर पत्रा २३० च्या निम्म्या दाबावर तरंगत राहतो, आणि ती झिरप यू.एस.बी.च्या आवरणातून परिवर्तकात, तेथून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, असा आडमार्ग शोधते. परवानाधारक वायरमनला बोलावले. त्याने सॉकेट तपासले, तार ठीक होती. मग तो अंगणात गेला आणि घर बांधतेवेळी पुरलेला, मीठ आणि कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा शोधून काढला. त्याच्यावर आम्ही कुंडी ठेवली होती. नगर पर्जन्यछायेतले, त्यात वैशाख, त्यात कित्येक वर्षांत त्या खड्ड्यात पाण्याचा थेंब नाही. सुकलेल्या मातीतून वीज नीट वाहत नाही. त्याने मीटर लावून आकडा पाहिला, खड्डा उकरून मीठकोळसा नवा भरला आणि दोन बादल्या पाणी ओतले. असल्या घुमण्यावर तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन मोडण्याचा तोडगा सांगणारे महाभाग आहेत; तो कोणीही करू नये, त्यात आवाज जाण्याऐवजी माणूस जाण्याचा संभव आहे.

संध्याकाळी ती बैठक पुन्हा लावली. घुमणे नव्हते, टकटक नव्हती, पट्टी जागेवर होती. तंबोऱ्याखाली एक बारीक सळसळ तेवढी ऐकू येत होती. शेजारचा मुलगा केबलीकडे वळला. मी त्याला थांबविले. गवई थांबला तरी ती सळसळ चालू राही, आणि फाइल संपली की त्याच क्षणी नाहीशी होई. ती कॅसेटच्या फितीवरचीच होती.