पळसाची लाख आणि सहा तारा

पहाटे साडेपाच

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात पॉलिशचं काम करायचं तर उजाडायच्या आत हात लावावा लागतो. एकीकडे सास्तीची उघडी कोळसा खाण, दुसरीकडे गडचांदूरहून येणारे सिमेंटचे ट्रक. रहदारी सुरू झाली की बारीक भुकटी हवेत तरंगू लागते आणि नेमकी ओल्या पॉलिशवर येऊन बसते. फेब्रुवारीत पहाटे वारा पडलेला असतो. दुकानाच्या मागच्या खोलीत फरशीवर पाण्याचा हबका मारतो, पंखा बंद ठेवतो, दार लावून घेतो आणि मगच बरणीचं झाकण उघडतो.

बाकावर दोन इलेक्ट्रिक गिटारी आहेत, दोन्ही किटमधल्या. किट म्हणजे खोक्यात येणारी सुटी गिटार: खाचा पाडून तयार केलेली बॉडी, फ्रेट ठोकलेली नेक, सहा खुंट्या, घोडी, दोन पिकअप, स्विच, दोन पॉट आणि स्क्रूंची पुडी. लाकूड कोरं. यातली एक बॉडी कालच घासून झाली, तिला आज लाखेचा पहिला हात. दुसरीला मागच्या महिन्यात शेवटचा हात दिला होता, ती आता कडक झाली आहे. ती आज जोडायची, कारण तिची मालकीण, अकरावीत शिकणारी एक मुलगी, संध्याकाळी न्यायला येणार आहे.

आधी कोरी बॉडी. १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून १८०, २४०, ३२० असं चढत आलोय. शेवटी ओल्या फडक्याने पुसून लाकडाचे तंतू उभे करून घेतले आणि सुकल्यावर कापून टाकले. हे राहिलं की पहिल्याच हाताला ते वर येतात आणि लाकूड खरखरीत लागतं.

अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅम चपडा भिजवून ठेवला होता. ही बरणी हलवायची नाही. लाखेतलं मेण तळाशी गढूळ थर धरून बसतं. वरची तांबूस निवळ तेवढी अलगद ओतून घ्यायची. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून बोळा केला. बोळा लाखेत बुडवत नाहीत, त्याला मागून थोडी थोडी लाख पाजतात आणि तळहातावर दाबून ओल बघतात. लाकडावर टेकताना हात चालता हवा, उचलतानाही चालताच हवा. मधे थांबला की स्पिरिट खालचा थर सोडवतं आणि तिथे डाग पडतो. बॉडीच्या दोन्ही टोकांना लाकडाच्या शिरा तोंड उघडून बाहेर येतात, तिथे लाकूड अधाशासारखं पितं. तिथे दोन हात जास्तीचे.

लाखच का, असं पुष्कळ जण विचारतात. तेलाचं व्हार्निश सुकायला रात्र घेतं आणि तेवढ्या रात्रीत गावची सगळी धूळ त्यात रुतते. लाखेतलं स्पिरिट मात्र दहा-पंधरा मिनिटांत उडून जातं, धुळीला बसायला वेळच मिळत नाही. पुढे कधी ओरखडा पडलाच तर तेवढ्या जागी बोळा फिरवायचा. नवी लाख जुनीत विरघळून एकजीव होते. पीयू पॉलिशला हे जमत नाही, ते सगळं खरवडून काढावं लागतं.

साडेसात

चहा घेऊन बाहेर उभा राहिलो. रस्त्यापलीकडचा पळस फुलला आहे. याच पळसावर, बोरीवर आणि कुसुमावर लाखेचा किडा जगतो. कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस पितो आणि अंगातून राळ सोडतो. ती फांदीभर कवच धरून घट्ट होते. ती खरवडायची, धुवायची, वितळवायची आणि तिचा पातळ पापुद्रा काढायचा. हा पापुद्रा म्हणजे चपडा. गोंदियात लाखेचा धंदा जुना आहे. युरोपातले कारागीर चांगल्या स्पॅनिश गिटारीला आजही लाखेचाच हात देतात, त्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात. लाख मात्र जाते ती बहुतेक भारतातून आणि थायलंडमधून. ज्या झाडाची पानं आपण पत्रावळीला वापरतो त्याच झाडावरची राळ जगभरच्या वाद्यांच्या अंगावर आहे, आणि आपल्याकडच्या किती मुलांना हे ठाऊक असेल?

नऊ

शटर उघडलं. धुमाल बँडवाल्यांचा एक ॲम्प्लिफायर आला होता, नुसता फ्यूज गेलेला. मागोमाग ओळखीचे सुतारकाका आले, बाकावरची बॉडी उचलून वजन बघितलं आणि म्हणाले, "आपल्या बल्लारपूरचा साग अयोध्येले गेला, आन् तू हे लाकूड कायले घासत बसला बापा?"

खरं आहे त्यांचं. २०२३ मध्ये राममंदिराच्या दारांसाठी इथूनच नदीपलीकडून साग गेला, आणि त्या सागाचा मला अभिमान आहे. पण किटमधलं हे बासवूड घनमीटरला ४०० किलोच्या आसपास भरतं, साग ६५० च्या. तीच बॉडी सागाची केली तर दीडपटीहून जड होते आणि ती खांद्यावर पट्ट्याने दोन तास अडकवायची असते. सागात तेलही असतं. स्पिरिटने पुसून घेतल्याशिवाय त्यावर ना गोंद नीट धरतो ना पॉलिश. वर पातळ सागाची फळी चिकटवून बघायचा विचार आहे, असं सांगितल्यावर काकांचा चेहरा खुलला. फळी आपणच रंधून देऊ म्हणाले.

दहा

आता दिवसातलं सगळ्यात किचकट काम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नेक दमट हवेत तयार झालेली, आली विदर्भाच्या कोरड्या हिवाळ्यात. लाकूड आडवं आकसतं, फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही. मग पट्ट्यांची टोकं दोन्ही कडांनी केसभर बाहेर येतात. नेकच्या कडेवरून बोट फिरवलं तर करवतीच्या पात्यासारखं लागतं. वाजवणाऱ्याचा हात दिवसभर त्याच कडेवर वरखाली होणार.

लाकडावर दोन्ही बाजूंनी टेप लावला. सपाट कानस आधी कडेला समांतर धरून टोकं लाकडाच्या पातळीत आणली, मग तिरकी धरून सगळ्यांना एकसारखा उतार दिला. इथवर भराभर होतं. त्यानंतर २२ फ्रेटची ४४ टोकं, एकेक हाताने. बारीक त्रिकोणी कानस, तिची एक कड दगडावर घासून बोथट केलेली, म्हणजे लाकडाला खरवडत नाही. उताराच्या दोन्ही कोपऱ्यांवरून ती वळवून घ्यायची, तीन-चार हलके फेर, मग अंगठ्याच्या पेराने चाचपायचं. डोळ्याला गोल दिसलेला कोपरा अंगठ्याला बऱ्याचदा टोचतो, विश्वास अंगठ्यावर. शेवटी ६०० आणि १००० चा कागद.

मग उंची. पोलादाची आखूड सरळ पट्टी एकाच वेळी तीन फ्रेटवर ठेवायची. पट्टी डुगडुगली तर मधला फ्रेट उंच. नववा थोडा वर होता, लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकला, बसला. स्वस्त गिटार आणि चांगली गिटार यांत लोक लाकडाचा आणि नावाचा फरक शोधतात. मला तो या दोन तासांत दिसतो. नेमका इथेच कंपनीत हात आखडता घेतलेला असतो, कारण दुकानात टांगलेल्या गिटारीकडे बघून तो दिसत नाही.

साडेबारा

नेक बॉडीला जोडायची, चार स्क्रूंनी. नेकचं मेपल इतकं कडक की कोरडा स्क्रू पिळताना मान मोडून आत राहतो. म्हणून प्रत्येकाला आधी मेणबत्ती घासली. दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणून बघितला, दोन्हीकडे सारखं अंतर. नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी म्हणजे नट; नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिलिमीटर, म्हणून घोडीपर्यंत बरोबर दुप्पट, ६४८. घोडी तिथे धरून खुणा केल्या.

स्क्रूने आवळायची ही नेक रूढ केली लिओ फेंडरने. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० मध्ये त्याने अशी गिटार बाजारात आणली की बिघडलेला भाग काढावा आणि नवा बसवावा. पुढच्या वर्षी तिला टेलिकास्टर हे नाव मिळालं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने दुरुस्तीचा विचार आधी करून बांधलेलं हे वाद्य आहे. म्हणून तर ते आज खोक्यात घालून राजुऱ्यात पाठवता येतं.

दोन

जेवताना खाणीतला सुरुंग उडाला, खिडकीच्या काचा थरथरल्या. बॉडीवर फडकं झाकलेलंच होतं.

सोल्डरिंगचं काम माझ्या रोजच्या हातचं, त्यामुळे झरझर झालं. पिकअप मल्टिमीटरवर मोजले, दोन्ही सहा-सात किलो-ओहमच्या घरात, म्हणजे आतली तार कुठे तुटलेली नाही. केसापेक्षा बारीक तांब्याची तार चुंबकांभोवती हजारो वेढे गुंडाळलेली असते. पोलादी तार त्यावर थरथरली की वेढ्यांत वीज उठते. लाकडी गिटारीची पोकळी जे काम करते ते इथे या डबीत होतं. व्हॉल्यूम आणि टोनला २५० केचे पॉट, टोनवर कपॅसिटर. घोडीखालून एक वायर आठवणीने पॉटच्या पाठीला जोडली. ही राहिली तर तारांवर हात ठेवूनही ॲम्पची ५० हर्ट्झची घरघर थांबत नाही. तारा लावायच्या आधी जॅक घालून पिकअपवर पेचकस टेकवला: टक्. दोन्ही जिवंत.

चार

०.०१० ते ०.०४६ इंचाचा तारांचा संच. सुरात लावला की या सहा तारा मिळून पंचेचाळीस किलोच्या आसपास ताण देतात. नेकमधली पोलादी सळई त्या ताणाला उलटी ओढ देते. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून मधल्या फ्रेटवर बघितलं: पाव मिलिमीटरची फट. पुरे.

नटच्या खाचा कापताना मला दर वेळी मिरज आठवतं. तिथे एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारांवरून वाद्यांकडे हात वळवला आणि सतारमेकरांची परंपरा उभी राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याची घोडी रुंद असते, तिच्या किंचित फुगीर पाठीवर तार घासत जाते, खाली दोरा सरकवून नेमकी जागा धरली की जवारी, म्हणजे तो गुंजणारा नाद, उमलते. जवारी काढणारा कारागीर तार जास्तीत जास्त वेळ हाडाला स्पर्शत राहील असं घासतो. इथे त्याच्या नेमकं उलट. खाच मागे उतरती, तार फक्त पुढच्या धारेवर टेकलेली, पुढे कशालाही न लागता मोकळी. खाच सपाट राहिली तर मोकळी तार झणझणते आणि इथे त्याला दोष म्हणतात. कानस तीच, घासणं तेच. कानाला हवं काय यावर सगळं ठरतं. जवारी काढताना बघितलेलं असेल तर गिटारीचा नट चांगला कापता येतो, असं माझं मत आहे, कारण तार नक्की कुठे टेकते हे पाहायची नजर तिथे तयार होते.

साडेसहा

मुलगी आणि तिची आई आल्या. वडील सेकंड शिफ्टला. मुलीने गिटारीकडे बघितलं, हात मागे बांधले.

"वाजते न जी काका?"

"वाजते बेटा. पण सूर लावायचा बाकी आहे, तूच लाव."

खुंट्या तिने पिळल्या. पाचवी तार ११० हर्ट्झला आली. मग मी तिला बाराव्या फ्रेटचं दाखवलं: तिथे तारेला नुसता स्पर्श करून एक सूर, दाबून दुसरा, दोन्ही एकच यायला हवेत. दाबलेला चढा आला, म्हणजे तार आखूड पडते. घोडीवरचा तिचा ठोकळा मागे घ्यायचा, अर्धा फेरा, पुन्हा ऐकायचं. पहिल्या दोन तारा मी केल्या, उरलेल्या चार तिने. सहावीला वेळ लागला. आईने घड्याळ बघितलं नाही, खुर्चीवर पुढे सरकून ऐकत बसली.

ॲम्पला लावली तेव्हा तिने एकच कॉर्ड धरली आणि आवाज संपेपर्यंत बोटं उचलली नाहीत. मग अंगठा नेकच्या कडेवरून खालपर्यंत नेला, सावकाश, दोनदा. सकाळचे दोन तास तिच्या हाताला पोचले होते.

आठ

न्यायच्या आधी तिच्या वहीत लिहून दिलं. नव्या तारा काही दिवस उतरत राहतील, रोज सूर लावायचा. एप्रिलमध्ये दाखवायला आणायची: हवा कोरडी पडली की नेक मागे झुकते, तारा फ्रेटला लागतात, सळई पाव फेरा सैल करावी लागते; पावसाळ्यात याच्या उलट. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४७ अंशांवर जातो, तेव्हा बंद गाडीत ठेवायची नाही, तिथल्या उष्णतेने लाख मऊ पडते आणि पिशवीचं कापड तिला चिकटतं. वाजवून झालं की घाम पुसायचा. आणि कूलरच्या झोतात कधीच टांगायची नाही, ओल्या हवेने लाखेवर पांढुरकी साय धरते.

"पण कूलर तर हॉलमध्येच आहे," आई म्हणाली. "आन् भिंत तेवढीच मोकळी आहे."

मुलीने क्षणभर विचार केला. "मंग देवघराच्या खोलीत टांगू. तिथं कूलर बी नाही अन् ऊन बी येत नाही."

आई मान हलवून हसली. मी दोन जाड खिळे आणि चामड्याचा एक तुकडा पुडीत बांधून दिला. खिळ्याला चामडं गुंडाळायचं, नाही तर लाखेला ओरखडा येतो.