फेसव्हॅल्यू!

कुठल्याही मॉलमध्ये जा, पुरुषांच्या ग्रूमिंगला हल्ली अख्खी भिंत असते. जेल, फोम, प्री-शेव्ह, आफ्टर-शेव्ह, बिअर्ड ऑइल. डोळ्यांच्या उंचीला अडीचशे-तीनशे रुपयांचे चकचकीत कॅन. आणि सगळ्यात खालच्या फळीवर, जिथे हात घालायला चक्क उकिडवं बसावं लागतं, तिथे प्लॅस्टिकच्या डबीत एक गोल वडी. दाढीचा साबण. किंमत शंभराच्या बरीच आत. कित्येक मॉलमध्ये तर तीही नसते. मग गल्लीतल्या किराणावाल्याकडे नाहीतर सलूनचं सामान मिळतं त्या दुकानात विचारायचं.

ही वडी घेऊन बघितलेल्या मित्रांच्या दोनच तक्रारी असतात. एक, फेस होत नाही, आणि झालाच तर अर्धी दाढी होईपर्यंत गालावर वाळून जातो. दोन, वास पहिल्या आठवड्यात झक्कास, नंतर गायब. मग वडी जाते बेसिनखाली आणि महाशय परत कॅनकडे. माझं म्हणणं एवढंच की बॉस, साबणाला शिव्या घालण्याआधी नळातून काय येतंय ते बघा.

मला हे ज्ञान पाबळला मिळालं. पाबळ म्हणजे शिरूर तालुक्यातलं आमचं गाव. नगर रोडने वाघोली पार करायची, शिक्रापूरला डावीकडे आत वळायचं. मस्तानीची कबर तिथलीच. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला तेव्हापासून मित्रांना गावाचं नाव दोनदा सांगावं लागत नाही, तेवढा एक फायदा. तिथे आमचे आबा राहतात, म्हणजे माझे आजोबा. वय ८४, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर. आता हात थरथरतो, त्यामुळे एक रविवार सोडून एक त्यांची दाढी मी करतो. मधल्या रविवारी चुलतभाऊ.

आबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. कातडी म्हाताऱ्या माणसाची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ब्लेड जरा कुठे लागलं की कापूस दाबून बसायचं, आणि रक्त थांबायचं नाव घेत नाही. तेव्हा आपल्याला फेस म्हणजे मूडचा मामला असेल, आबांच्या गालावर तो ब्लेड आणि कातडीच्या मधला एकुलता एक थर असतो. डॉक्टरांनी साहजिकच इलेक्ट्रिक ट्रिमर सांगितला. सोम ते शनि आबा तो वापरतातही. पण रविवारी साबणच. 'त्या मशिननं बकरं भादरल्यावानी वाटतं,' हे त्यांचं कारण.

मी पुण्याहून एकदा फोमचा कॅनही नेला होता. खोटं कशाला बोलू, काम चोख झालं. कॅनमधला फेस नोझलमधून बाहेर पडतानाच तयार होतो, गावचं पाणी कसं का असेना. पण आबांनी हुंगून बघितलं आणि मान फिरवली. 'ह्यो दवाखान्याचा वास हाय.' विषय संपला. त्यांना वास हवा तो गोल साबणाचाच. तीस वर्षं मुक्कामी गाड्या चालवल्या. रात्री गाडी कुठल्या तरी आडगावी थांबणार, पहाटे देवळाशेजारच्या नळावर नाहीतर आडावर दाढी, मग पहिली फेरी. तो वास म्हणजे ड्यूटीवर जायची तयारी.

मुक्कामी ड्रायव्हरचा एक फायदा असा की त्याला पंचवीस गावांचं पाणी ठाऊक असतं. कुठे फेस येतो आणि कुठे येत नाही, हे आबांना आजही पाठ आहे. त्यांची टेस्ट अशी: 'ज्या गावात डाळ शिजत न्हाई, त्या गावात दाढी करायची न्हाई.'

आता हे थट्टेवारी नेऊ नका, कारण केमिस्ट्री आबांच्या बाजूने आहे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की डाळीचं साल मऊ पडत नाही. तेच क्षार साबणालाही धरतात. साबणाचं आणि कॅल्शियमचं लग्न लागलं की जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही, पांढरी मळी होऊन बसतं. बादलीच्या कडेला साचते ना, तीच. म्हणजे ब्रशवर घेतलेला निम्मा साबण फेस करण्याऐवजी मळी करण्यात खर्ची पडतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणायचे आणि फेस देणाऱ्याला सुफेन. पेपरात दोन मार्कांना यायचं आणि आपण घोकून मोकळे व्हायचो. शब्दातच 'फेन' म्हणजे फेस आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलंय!

आमच्या घरचं पाणी बोअरचं. खडकातून झिरपत खाली जाताना पाणी क्षार गोळा करत जातं, त्यामुळे बोअर आणि दुष्फेन ही जोडी नेहमीची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. या दोन आकड्यांमध्ये आरोग्याला फार बिघडत नसेल, पण दाढीच्या साबणाचं पार दिवाळं वाजतं. आणि हे फक्त गावाचं दुखणं नाही, मंडळी. खडकवासल्याचं धरणाचं पाणी पिणाऱ्या पेठांमध्ये साबण छान फेसाळतो. पण तुम्ही वाघोली-खराडीकडच्या सोसायटीत टँकर आणि बोअरवर राहत असाल, तर तुमचं बेसिन आणि आबांचा नळ यांत फारसा फरक नाही.

खात्री कशी करायची? मी पाबळचाच फंडा वापरला. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी या गावात विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात मोठ्या जागेवर. साबणासाठी घराघरात माहीत असलेल्या कंपनीतली नोकरी सोडून ते दुष्काळी पट्ट्यातल्या गावात आले आणि शाळा सोडलेल्या पोरांना वेल्डिंग, शेती, वीज, आरोग्य असं सगळं हाताने करत करत शिकवायला लागले. २००२ मध्ये तिथे एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅब्जपैकी एक. २००३ मध्ये डॉ. कलबाग गेले. आश्रम चालू आहे. पाबळच्या पोरांच्या अंगात 'आधी करून बघ, मग बोल' मुरलंय त्यामागे या आश्रमाचा हात आहे, असं मला आपलं वाटतं.

तर करून बघा. पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं, तिसरीत जमलं तर पावसाचं. तिन्ही अर्ध्या भरा. प्रत्येकीत त्याच साबणाचा नखाएवढा कीस टाका, झाकण लावा आणि वीस-वीस वेळा हलवा. पाच मिनिटं ठेवा. आबांच्या ओट्यावर मी हे केलं तेव्हा आरओच्या बाटलीत चार बोटं फेस उभा होता. बोअरच्या बाटलीत वर दोन-चार फुगे आणि खाली दुधाळ गढूळ पाणी. आबा शेजारी बसून बघत होते. 'हे सांगायला बाटल्या कशाला लागत्यात?' एवढंच म्हणाले.

उपाय फार सोपा आहे, कारण दाढीच्या फेसाला पाणी लागतं किती? जेमतेम अर्धी वाटी. तोंड खुशाल नळाच्या पाण्याने धुवा. फक्त ब्रश भिजवायला आणि फेस करायला आरओचं पाणी घ्या. (आरओच्या बारीक नळीतून जे वाया जातं ते नव्हे, त्यात क्षार आणखी जास्त असतात.) आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं उकळा, गार होऊ द्या आणि वरचं निवळ हळूच ओतून घ्या. किटलीच्या तळाला पांढरा थर धरत असेल तर या उपायाचा चांगला उपयोग होईल. उकळून सगळे क्षार जात नाहीत, पण जेवढे जातात तेवढ्यानेही फरक दिसतो. वडीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ईडीटीए दिसलं तर तीच उचला. तो पदार्थ कॅल्शियमला धरून ठेवतो आणि साबणाला मोकळं सोडतो. पोटॅशियम स्टिअरेट दिसलं तर आणखी छान, दाट आणि टिकाऊ फेस त्याच्यामुळे येतो.

आता हाताचं काम. वडी किसून घ्या. किसणी मात्र वेगळी ठेवा, स्वयंपाकघरातली वापरलीत तर पुढच्या परिणामांना हे साप्ताहिक जबाबदार नाही. कीस पसरट स्टीलच्या वाटीत घाला, कोमट पाण्याचे चार थेंब शिंपडा आणि अंगठ्याने दाबून बसवा. डबीतल्या अरुंद वडीपेक्षा ब्रशला घासायला ऐसपैस जागा मिळते. त्यात केमिस्टकडचं ग्लिसरीन, दोन-तीन थेंबच. ग्लिसरीन ओल धरून ठेवतं, त्यामुळे फेस गालावर वाळत नाही. हौसेने चमचाभर ओतलंत तर फेसच बसेल.

ब्रश भिजवा आणि चांगला झटका. पाणी टपकणारा ब्रश घेऊन सुरुवात केली की साबण नुसता पातळ होतो. अर्धा मिनिट वाटीत गोल फिरवा. सुरुवातीला ब्रशच्या टोकाला चक्क्यासारखं घट्ट, चिकट काहीतरी जमेल. इथे बहुतेक जण गालावर सुटतात आणि मग फेस वाळला म्हणून ओरडतात. थांबा. ब्रशचं टोक पाण्याला टेकवा, फिरवा. परत टेकवा, परत फिरवा. चक्क्याचं मऊ श्रीखंड झालं, वर चकाकी आली आणि मोठे बुडबुडे दिसेनासे झाले की समजा जमलं. ताक झालं तर पाणी जास्त पडलं, थोडा साबण आणखी घ्या. एकूण दीड-दोन मिनिटांचं काम. नऊची कंपनीची बस पकडणाऱ्यालाही परवडतं.

फेस लावल्यावर लगेच ब्लेड नको. केसाला पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि ओला केस कापायला कोरड्यापेक्षा बराच कमी जोर पुरतो. आबांच्या बाबतीत तर मी घड्याळ लावतो. मग कातडी बोटाने ताणून, केसांच्या दिशेने, छोटे छोटे हात. एकदाच. उलटा हात मारून गुळगुळीत करायचा मोह त्यांच्या गालावर करायचा नाही, खुंट राहिले तर राहिले.

राहिला वास. साबणात अत्तराचा भाग फार तर टक्का-दोन टक्के, आणि स्वस्त वडीत त्याहून कमीच. जे आहे ते उडून जाणारंच असतं, लिंबाचा वास सगळ्यात आधी पळतो, चंदनाचा रेंगाळतो. वडी बाथरूममध्ये उघडी ठेवली की गिझरच्या वाफेवर रोज थोडा थोडा वास जातो. म्हणून वापरून झाली की वाटी हवेशीर जागी सुकू द्या, मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओली बंद केलीत तर कुबट वास येईल, तो वेगळाच. वास उडालेल्या वडीचा वरचा थर सुरीने खरवडून बघा, आत बहुतेक वास शाबूत असतो. मोती साबणाचं उदाहरण आहेच. वर्षातून एकदा नरक चतुर्दशीला बंद खोक्यातून निघतो आणि अख्खं बाथरूम दिवाळीचं करून टाकतो. तो रोज उघडा पडून असता तर पाडव्यापर्यंत तरी टिकला असता का?

फेस कोमट पाण्यात करा, उबेने वास खुलतो. वास वाढवायला साबणात अत्तर किंवा इसेन्शियल ऑइल ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ताज्या दाढीवर ते झोंबतं आणि कुणाकुणाला पुरळ येतं. त्यापेक्षा उन्हाळ्यात माठात टाकतो तो वाळा आणा. छोटी जुडी धुऊन रात्रभर त्या अर्ध्या वाटी पाण्यात भिजत ठेवायची आणि सकाळी तेच पाणी गाळून, कोमट करून फेसाला घ्यायचं. वास मंद येतो, डिओसारखा अंगावर धावून येत नाही. साबणाच्या डब्यातही कोरड्या वाळ्याची एक काडी टाकून ठेवलीत तर छान. आबांना वाळ्याचं पाणी चाललं, कारण मूळ साबणाचा वास त्याने झाकला जात नाही.

ब्रशला आधीची मळी चिकटली असेल तर महिन्यातून एकदा पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बुडवा आणि खळखळून धुवा. वाळवताना केस खाली करून टांगा. पाबळला मी आता येताना आरओचं पाच लिटरचं कॅन घेऊन जातो, दोघा भावांच्या रविवारांना कितीतरी दिवस पुरतं. जूनमध्ये त्याचीही गरज नसते. पहिल्या एक-दोन सरींत पत्रा धुऊन निघाला की आबा स्वतः पागोळीखाली बादली लावायला सांगतात.