हजीऱ्याची हवा आणि वस्तूंमधली ओल
लेखमाला : हवेतले पाणी – लेखांक सहावा

गेल्या लेखांकात आपण सापेक्ष आर्द्रता समजून घेतली. एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, हे त्या मोजमापातून कळते. आज या वाफेचे घन वस्तूंमध्ये काय होते ते पाहायचे आहे. पोहे सादळतात, पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, तबला उतरतो. यांपैकी कशावरही पाण्याचा थेंब पडलेला नसतो. पाणी हवेतूनच आलेले असते.

हे समजून घेण्यासाठी ग्वाल्हेरच्या हजीरा भागात जाऊ. येथे सूफी संत मोहम्मद घौस यांची सोळाव्या शतकातली दगडी जाळ्यांची कबर आहे आणि तिच्याच आवारात तानसेनाची समाधी. दर डिसेंबरात तानसेन समारोहासाठी तानपुरे, तबले, सरोद या परिसरात येतात. 2024 साली या समारोहाचे शंभरावे पर्व झाले. हजीऱ्याला लागूनच बिर्लानगर. तिथे 1921 साली सुरू झालेल्या जियाजीराव कॉटन मिलने कित्येक दशके कापड विणले. दगड, लाकूड-कातडे आणि सूत असे तीन प्रकारचे घन पदार्थ पायी फिरता येईल एवढ्या अंतरात भेटतात. तिघांवरून वाहणारी हवा एकच. तिच्यातले पाणी घेण्याची प्रत्येकाची रीत मात्र वेगळी.

ग्रॅम नव्हे, टक्के

मे महिन्यातली दुपार घ्या. तापमान 42 अंश, सापेक्ष आर्द्रता 15 टक्के. अशा एक घनमीटर हवेत सुमारे साडेआठ ग्रॅम वाफ असते. आता जानेवारीतली धुक्याची पहाट घ्या. तापमान 6 अंश, आर्द्रता 95 टक्के. त्या हवेत घनमीटरला जेमतेम सात ग्रॅम वाफ असते. म्हणजे ओठ फोडणाऱ्या लूमध्ये धुक्यापेक्षा जास्त पाणी आहे! तरीही मे महिन्यात लाकूड तडकते आणि जानेवारीत चादर ओलसर लागते.

कारण असे. वस्तूच्या पृष्ठभागावर वाफेचे रेणू सतत येऊन चिकटतात आणि सतत सुटूनही जातात. येणाऱ्या आणि जाणाऱ्या रेणूंची संख्या बरोबरीची झाली की वस्तूतली ओल स्थिरावते. उष्णता वाढली की चिकटलेल्या रेणूंना सुटून जाण्याची ताकद मिळते, तेव्हा तेवढीच ओल टिकवायला हवेत कितीतरी जास्त वाफ लागते. म्हणून वस्तूतली ओल हवेतल्या पाण्याच्या ग्रॅमांवर ठरत नाही; ती मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांवर ठरते. या लेखांकातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर ते हे ठेवावे.

ग्वाल्हेरचे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. मे महिन्यातल्या दुपारच्या 15-20 टक्क्यांपासून श्रावणातल्या 85-90 टक्क्यांपर्यंत हवा वर जाते आणि तिथून परत खाली येते. मुंबईतल्या कपाटाला ही एवढी मोठी चढउतार सोसावी लागत नाही.

पाणी धरून ठेवण्याच्या तीन पायऱ्या

कापूस, लाकूड, कागद या सगळ्यांचा मूळ पदार्थ सेल्युलोज. त्याच्या लांब साखळ्यांवर जागोजागी हायड्रोजन-ऑक्सिजनच्या जोड्या असतात. पाण्याचा रेणू या जोडीशी हायड्रोजन बंधाने जोडला जातो. हवा कोरडी असतानाही हा पहिला थर बनतो. तो घट्ट धरलेला असतो आणि वस्तू भट्टीत तापवल्याशिवाय पुरता निघत नाही.

आर्द्रता वाढली की या पहिल्या थरावर दुसरा, तिसरा थर चढू लागतो. आता पाणी पाण्यालाच धरते, त्यामुळे पकड सैल असते. थरांवर थर चढण्याचे हे गणित स्टीफन ब्रुनॉअर, पॉल एमेट आणि एडवर्ड टेलर या तिघांनी 1938 साली मांडले. पृष्ठभागावर रेणू असे धरले जाण्याला विज्ञानात अधिशोषण म्हणतात.

तिसरी पायरी बारीक छिद्रांची. 1871 साली विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या शास्त्रज्ञाने, दाखवून दिले की अरुंद नळीतल्या पाण्याच्या वक्र पृष्ठभागावर वाफेचा दाब कमी असतो. म्हणून बाहेरची हवा संपृक्त झालेली नसतानाही बारीक छिद्रात वाफेचे पाणी होते. 50 टक्के आर्द्रतेला सुमारे दीड नॅनोमीटर त्रिज्येची छिद्रे भरतात, 90 टक्क्यांना सुमारे दहा नॅनोमीटरची, 99 टक्क्यांना शंभरची.

या तिन्ही पायऱ्या एकत्र धरून आलेख काढला तर तो तिरप्या एस अक्षरासारखा दिसतो. सुरुवातीला चटकन चढतो, मध्ये संथ होतो आणि 80 टक्क्यांच्या पुढे उसळी घेतो. श्रावणात चार दिवसांत सगळे घर दमट होते त्याचे कारण या शेवटच्या उसळीत आहे.

सूत : ज्याचे वजनही हवेवर ठरते

आता बिर्लानगरकडे वळू. कापसाच्या व्यापारात शंभर किलो पूर्ण कोरड्या कापसामागे साडेआठ किलो ओल धरण्याची जुनी रीत आहे. व्हिस्कोजसाठी हा आकडा 13, रेशमासाठी 11, तागासाठी 13.75 आणि पॉलिएस्टरसाठी अवघा 0.4. हे आकडे ठरवले नसते तर पावसाळ्यात कापूस विकणाऱ्याने पाणी कापसाच्या भावाने विकले असते. फ्रान्समध्ये लियों शहरात 1805 साली रेशमाची ओल तपासणारी सार्वजनिक संस्थाच उभी राहिली, ती याच कारणाने.

कापूस आणि व्हिस्कोज दोन्ही सेल्युलोजच. मग साडेआठ आणि तेरा हा फरक कसा? कापसाच्या तंतूत साखळ्यांचा मोठा भाग स्फटिकासारखा शिस्तीत रचलेला असतो. तिथे साखळ्यांनी एकमेकींना धरलेले असते, पाण्याला जागाच नसते. व्हिस्कोज बनवताना सेल्युलोज विरघळवून त्याचा पुन्हा तंतू काढतात. त्यात ही शिस्त कमी राहते आणि मोकळ्या जागा वाढतात. ग्वाल्हेरला याचे विशेष महत्त्व आहे. 1947 साली ग्वाल्हेर रेयॉन या नावाने स्थापन झालेली कंपनी म्हणजे आजची ग्रासिम. तिने 1954 साली नागदा येथे व्हिस्कोज तंतूचे उत्पादन सुरू केले.

ओलीचा परिणाम या दोन तंतूंवर उलटा होतो. ओलसर कापसाचे सूत अधिक मजबूत होते; व्हिस्कोज मात्र भिजल्यावर जवळजवळ निम्मी ताकद गमावतो. कोरड्या हवेत सुताचे तंतू विजेने भारले जातात, फिसकटतात आणि ताण्याचे धागे तुटतात. म्हणून सुती मिलच्या विणकाम खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. सुताला मानवणारी ती हवा माणसाला मानवत नाही. घाम सुकत नाही, श्वास जड होतो. इंग्लंडात या दमटपणावर मर्यादा घालण्यासाठी 1889 साली कायदा करावा लागला. कापडाच्या इतिहासात मालकांची नावे राहतात. त्या हवेत आठ-आठ तास उभे राहिलेल्या कामगारांचीही आठवण त्याच मानाने राहिली पाहिजे.

लाकूड आणि कातडे : सूर का हलतो

ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली, आणि तानपुऱ्यासाठी आजही सगळ्यांची नजर मिरजेकडे वळते. मिरजेचा तानपुरा हजीऱ्याच्या हवेत आला की त्याचे काय होते?

लाकडातली ओल हवेशी जुळवून घेते. 30 टक्के आर्द्रतेला ती सुमारे 6 टक्के असते, 65 ला 12, 80 ला 16. ओल शिरली की लाकूड फुगते, गेली की आखडते; पण सगळीकडे सारखे नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने बदल नगण्य असतो, आडवा बदल मोठा. तीस सेंटीमीटर रुंदीच्या फळीने दहा टक्के ओल गमावली, तर लाकडाच्या जातीप्रमाणे आणि कापाप्रमाणे ती अर्धा ते एक सेंटीमीटर आखडू शकते. तानपुऱ्याची तबली, म्हणजे वरची लाकडी फळी, कडेने भोपळ्याला चिकटवलेली असते, तिला आखडायला मोकळीक नसते. मग ताण साचतो आणि एका दिवशी चीर जाते. लाखेचे पॉलिश वाफेची ये-जा मंद करते, थांबवत नाही. तबली फुगली किंवा बसली की तारा ज्यावर टेकतात त्या घोडीची उंची बदलते, आणि जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, बिघडते.

कातड्याचे तसेच. तबल्याची पुडी आणि सरोदचे कातडे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असते आणि ते पाण्याला चांगले धरते. ओल शिरली की कातडे सैल पडते, सूर उतरतो. डिसेंबरात संध्याकाळी ऊन सरले की हवा गार होते, वाफ तेवढीच राहिली तरी सापेक्ष आर्द्रता झपाट्याने चढते. पातळ कातडे लगेच बदलते, जाड लाकूड कित्येक दिवसांनी. म्हणून मैफलीच्या मध्येच तबलजीला हातोडी घेऊन गट्टे आणि गजरा ठोकावा लागतो. त्या वेळी श्रोत्यांनी चुळबुळ न करता थांबावे. तो हवेने बिघडवलेला सूर परत जागेवर आणत असतो.

आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. जूनअखेरीस हवा 55 टक्क्यांवर येते, चढताना. ऑक्टोबरात ती पुन्हा 55 टक्क्यांवर येते, उतरताना. टक्के तेच, पण लाकडात आणि कापसात ऑक्टोबरात जास्त ओल असते. पाण्याने एकदा साखळ्या दूर सारल्या की त्या लगेच पूर्ववत मिटत नाहीत. आणि ज्या छिद्राचे तोंड अरुंद आणि पोट मोठे, ते उशिरा रिकामे होते. वस्तू कुठल्या ऋतूतून आली आहे हे असे तिच्या ओलीत उमटते. पावसाळा संपताच दाराला रंधा मारणाऱ्यांना हे सांगायला हवे: दोन महिने थांबा, नाहीतर उन्हाळ्यात फट पडेल.

दगड आणि मीठ

घौस यांच्या कबरीच्या वालुकाश्मी जाळ्यांकडे पाहा. वालुकाश्म मुख्यतः क्वार्ट्झच्या कणांचा असतो. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचे मोजके रेणुथर बसतात आणि त्यातली बहुतेक छिद्रे इतकी मोठी असतात की साध्या दमट हवेने ती भरत नाहीत. म्हणून वाफेच्या बाबतीत दगड बराच अलिप्त आहे. जाळ्यांमधून हवा खेळती राहते, हाही फायदाच.

जुन्या दगडी इमारतींना खरा धोका क्षारांचा. आपले जेवणातले शुद्ध मीठ 75 टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडे राहते. त्यापुढे ते हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळते. मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांनाच विरघळू लागते. खडे मिठात ते मिसळलेले असते म्हणून बरणीत पाणी सुटते. भिंतीत किंवा दगडात मुरलेले क्षार पावसाळ्यात असे विरघळतात आणि हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होतात. स्फटिक वाढताना छिद्राच्या भिंतींवर दाब देतो. ऋतूमागून ऋतू हे चालले की लोणा लागतो आणि दगडाचे कण सुटू लागतात. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून ओल आत कोंडणे हा उपाय नव्हे, अपाय आहे.

आपण काय करावे

एक साधे आर्द्रतामापक यंत्र घरात ठेवा. ते महाग नसते. वाद्ये, पुस्तके, जुने फोटो 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास सुखात राहतात. पण नेमक्या आकड्यापेक्षा अचानक बदल टाळणे महत्त्वाचे. उन्हाळ्यात दिवसभर पाण्याच्या कूलरसमोर आणि रात्री एसीच्या खोलीत ठेवलेला तानपुरा रोज पावसाळा आणि उन्हाळा भोगतो. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. 1919 साली वॉल्टर पॅट्रिक यांनी पेटंट घेतलेल्या या पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे सातशे चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणून तो आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी धरू शकतो. भरलेला जेल 110-120 अंशांवर तापवला की पुन्हा कामाला येतो. मे महिन्यात मात्र त्याच पुड्या पेटीतून बाहेर काढा, कारण तेव्हा लाकडाला ओलीची गरज असते.

पुढच्या लेखांकात धान्याच्या कोठाराकडे वळू आणि गव्हातल्या ओलीचे दोन टक्के साठवणुकीचे नशीब कसे ठरवतात ते पाहू. तोपर्यंत वाचकांना एक विनंती: घरातल्या एखाद्या जुन्या वाद्याची, पोथीची किंवा दाराची दर महिन्याला नीट पाहणी करा आणि त्या दिवशीची आर्द्रता शेजारी लिहून ठेवा. वर्षभराची ती नोंद तुम्हाला तुमच्या गावच्या हवेबद्दल आणि त्या वस्तूबद्दल कुठल्याही लेखापेक्षा जास्त शिकवील.