हरकत घ्यायची, पण केव्हा?

भंडारा नगरपरिषद १८६७ सालची. पण आजचे भंडारा तिच्या हद्दीत मावत नाही. गणेशपूर, खोकर्ला, बेला या लगतच्या ग्रामपंचायतींतही धानाचे बांध मोडून ले-आऊट पडले आहेत. त्यांना मंजुरी मिळते ती जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालयाकडून. नाली तुंबली की ओरड होते ती मात्र ग्रामसभेत. शहराच्या हद्दीत चित्र फार वेगळे नाही. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचा इरादा जाहीर होतो तेव्हा सूचना मागवतात खऱ्या, पण समोर आराखडाच नसतो. प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकतींना ३० दिवस. मग स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जण सुनावणी घेतात. तिथे धावत येतो तो ज्याच्या सातबाऱ्यावर आरक्षण पडले तो. त्याचे गाऱ्हाणे खरे असते, पण ते एका गट नंबरापुरते असते. साऱ्या वस्तीचा प्रश्न मांडायला त्या खोलीत जागाच उरत नाही. म्हणून उघडी सभा हवी ती नकाशावर रहिवासी वापराचा पिवळा पट्टा ओढण्याआधी, आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंना.

वैनगंगा नदीने या गरजेचा पुरावा दिलेला आहे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, वरच्या धरणांतून पाणी सोडले गेले आणि भंडाऱ्याच्या कित्येक वस्त्यांत पूर शिरला. खाली गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आहेच. नदीकाठ ते निळी पूररेषा या पट्ट्यात घर बांधायला मनाई, निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये अटींवर परवानगी, असा नियम आहे. पण प्लॉट घेणाऱ्याला भाव कळतो, रेषा कळत नाही. आणि भर टाकून एकाने जोते उंच केले की पाणी शेजाऱ्याकडे वळते. हे नुकसान एकट्याच्या हरकतअर्जात कसे लिहायचे?

यावर अधिकारी म्हणतील, लोकांना नकाशा वाचता येत नाही. गट नंबर आणि पूररेषा एकाच कागदावर, मराठीत दाखवा. पाणी कुठवर आले होते हे काठावरचा माणूस कोणत्याही सर्वेक्षकाइतके नेमके सांगेल. दुसरा आक्षेप वजनदार आहे: आधी चर्चा झाली की जमिनीचे दलाल पुढे धावतील. पण कुठे रस्ता येणार याचा सुगावा दलालाला तसाही लागतो. गुप्ततेने अंधारात राहतो तो बाकीचा गाव. तिसरा आक्षेप, लोक येतच नाहीत. हे बरेचसे खरे आहे. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल तेवढे पुरतात, तरी सभा तहकूब होतात. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९मध्ये झाली, ती बहुतांशी कागदावरच राहिली. मात्र आज या सभांपुढे जमीनवापराचा विषय येतो तो मंजुरीनंतर. ज्या ठरावाने काही बदलणार नाही, त्यासाठी रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कोण बसेल?