बालकांच्या रक्तशोधनातील सुईवेध व जंतुसंसर्ग

असोद्यासारख्या खेड्यातील बालक आठवड्यातून तीनदा रक्तशोधनास जाऊ लागले, की दर खेपेस दोन याप्रमाणे वर्षाकाठी त्यास ३१२ सुया टोचल्या जातात. १९६६ साली ब्रेशिया, सिमिनो प्रभृतींनी वर्णिलेला धमनी व शीर यांचा जोड, म्हणजेच फिस्टुला, हा गळ्यातील नळीपेक्षा जंतुसंसर्गाच्या दृष्टीने पुष्कळ सुरक्षित होय. तथापि सुई कोठे टोचावी, हा प्रश्न उरतोच. दर वेळी जागा बदलल्यास शीर टिकते. परंतु बालकाची शीर आखूड. ठराविक छिद्रातून बोथट सुई घातल्यास जागेची ही अडचण टळते. मात्र छिद्रावरील खपलीत दडलेले स्टॅफिलोकॉकस जंतू थेट रक्तात शिरू शकतात. म्हणून खपली संपूर्ण काढणे, तत्पूर्वी व तदनंतर त्वचा निर्जंतुक करणे अनिवार्य होय. एवढी दक्षता जेथे नित्य पाळता येत नाही, तेथे जागा बदलण्याचीच पद्धत श्रेयस्कर.