सहा अक्षरांचे पाच शब्द

वाचकहो, इंग्रजीतली ही सहा अक्षरे घ्या : ई, आय, एल, एन, एस, टी. सगळी वापरून शब्द करा. 'लिसन' आणि 'सायलेंट' चटकन सापडतात. पण 'एन्लिस्ट', 'टिन्सेल' आणि 'इन्लेट्स'ही त्यांतच दडलेले आहेत, हे घरातल्या किती जणांना दिसेल?

आपली अडचण कानाची आहे. देवनागरीत वाढलेला माणूस शब्द उच्चारावरून हुडकतो. आणि 'लिसन'मधला टी तर मुळी तोंडच उघडीत नाही! कोशाचाही उपयोग नाही, कारण तो पहिल्या अक्षराचे बोट धरून चालतो. म्हणून मुरलेले खेळाडू अक्षरे आधी वर्णक्रमाने लावतात, मग 'आयएनजी', 'ईआर' अशी शेपटे बाजूला काढून उरलेल्यांकडे पाहतात.

हा छंद पटावर आणला आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने. १९३० नंतरच्या मंदीत नोकरी गेली, तेव्हा हा गृहस्थ वर्तमानपत्रातली अक्षरे मोजीत बसला आणि त्या हिशेबाने त्याने सोंगट्या ठरवल्या. १०० सोंगट्यांत ई १२, एस मात्र ४च. नाहीतर जो तो अनेकवचने करीत सुटला असता! १९४८ साली या खेळाला 'स्क्रॅबल' हे नाव मिळाले.

क्यू एकच, मोल १० गुण. त्याच्यामागे यू हवाच, असे आपण शाळेत घोकलेले असते. पण यू नसला तरी हात टेकू नका. आपले 'फकीर' आणि 'कव्वाली' क्यू घेऊन, यूवाचून, इंग्रजी कोशात जाऊन बसले आहेत. 'कव्वाली'ची अक्षरे तर नेमकी सात, म्हणजे हातातल्या सगळ्या सोंगट्या एका दमात!