बहुगर्भधारणा आणि शीलविचार

दि. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून, शरीराबाहेर फलित केलेल्या बीजापासून एक कन्या जन्मास आली. अपत्यहीनतेमुळे अवहेलना सोसणाऱ्या अनेक स्त्रियांना या चिकित्सेने दिलासा दिला. धम्माचा अशा उपचारास विरोध असण्याचे कारण नाही. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात, सर्व सुखदुःखे पूर्वकर्मामुळेच होतात हे मत भगवंतांनी अमान्य केले असून पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी कारणेही सांगितली आहेत. तेव्हा वंध्यत्वास पूर्वजन्मीचे पाप म्हणणे धम्मसंमत नव्हे.

खरा प्रश्न पुढे उद्भवतो. यश यावे म्हणून काही वेळा एकाहून अधिक भ्रूण गर्भाशयात सोडले जातात. किंवा औषधांमुळे अनेक बीजे एकदम परिपक्व होतात. त्यातून दोन, तीन वा अधिक गर्भ राहतात. मातेस रक्तदाब व रक्तस्राव यांचा, तर बालकांस अकाली जन्माचा व अल्प वजनाचा धोका वाढतो. मग गर्भसंख्या घटविण्याचा पर्याय पुढे येतो. एखाद्या गर्भाच्या हृदयात औषध टोचून त्याचे स्पंदन थांबविले जाते.

विनयपिटकात तिसऱ्या पाराजिकाच्या विवेचनात, मातेच्या उदरी चित्ताचा प्रथम उद्भव झाल्यापासून मनुष्यजीव मानला आहे. त्यामुळे ही कृती प्राणातिपाताच्या कक्षेत येते, हे नाकारता येत नाही. तथापि अंगुत्तरनिकायात चेतनेलाच कर्म म्हटले आहे. उरलेल्या गर्भांचा व स्वतःचा जीव वाचावा म्हणून व्याकूळ झालेल्या मातेची चेतना द्वेषमूलक नसते. तिला दोष देणे करुणेस शोभत नाही.

मात्र हे धर्मसंकट पुष्कळदा टाळता येण्याजोगे असते. मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवादसुत्तात भगवंतांनी राहुलास आरशाचा दृष्टांत देऊन सांगितले की, कृती करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर तिने स्वतःला, इतरांना वा उभयतांना पीडा होते काय, हे तपासावे. यातील पहिली पायरी येथे निर्णायक आहे. शक्य तेथे एकच भ्रूण सोडावा व उरलेले गोठवून ठेवावेत. सोनोग्राफीत अनेक बीजे वाढलेली दिसल्यास त्या महिन्यातील उपचार थांबवावा. जानेवारी 2009 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एका मातेने आठ बालकांना जन्म दिला. तिच्या गर्भाशयात बारा भ्रूण सोडणाऱ्या वैद्याचा परवाना 2011 मध्ये रद्द झाला. तेथील चूक उपचाराची नव्हती, उपचारापूर्वीच्या अविचाराची होती.

दागिने मोडून, कर्ज काढून आलेले दांपत्य ‘एकदमच दोन होऊ द्या, पुन्हा खर्च झेपणार नाही’ असे म्हणते, तेव्हा त्यास केवळ तृष्णा म्हणून चालणार नाही. त्यामागे दारिद्र्य असते. म्हणूनच धोका समजावून सांगणे हे वैद्याचे शील होय, आणि सार्वजनिक रुग्णालयांत हा उपचार परवडेल असा करणे हे समाजाचे. गर्भ राहिल्यानंतर कोणाला जगवावे, हा प्रश्न मातेपुढे टाकण्याऐवजी तो उद्भवू न देणे, हाच येथे प्रज्ञायुक्त करुणेचा मार्ग आहे.